निखारा विझला का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय कॅन्सरचा आहे. तो कशाने होतो, तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांचा त्यात किती वाटा आहे, हे आपण अनेकदा ऐकले आहे आणि पुन्हा पुन्हा ऐकायलाच हवे. पण आज मला त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी बोलायचे आहे. निदान झाले, उपचार सुरू झाले, एक-दोन केमो झाल्या. आता रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो. औषध लागू पडते आहे का?

हा प्रश्न जगात सगळीकडे सारखाच, पण नंदुरबार जिल्ह्यात तो जरा जास्त जड होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक लोक आदिवासी. २०२० मध्ये नंदुरबारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही मोठी गोष्ट झाली. तरी कॅन्सरच्या मोठ्या तपासण्या आणि उपचार यांसाठी बहुतेकांना सुरत, नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागते. धडगावच्या एखाद्या पाड्यावरचा रुग्ण आधी जीपने घाट उतरतो, मग एसटीने नंदुरबारला येतो, मग रेल्वेने पुढे जातो. सोबत एक माणूस लागतोच. म्हणजे दोघांची मजुरी बुडते.

केमोची एक सायकल बहुधा एकवीस दिवसांची असते. सहा सायकली म्हणजे चार महिने. या चार महिन्यांत केस जातात, तोंड येते, रक्त कमी होते, दारातली शेळी विकली जाते. एवढे सगळे सोसून शेवटी कळले की गाठीवर औषधाचा परिणामच झाला नाही, तर काय गेले? पैसा गेला, अंगातली ताकद गेली. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे ज्या काळात दुसरे औषध कदाचित लागू पडले असते, तो काळ गेला.

शेतकरी असे करत नाही. कपाशीवर अळीसाठी फवारणी केली की तो तीन-चार दिवसांनी पाने उलटून पाहतो. अळी मेली नसेल तर औषध बदलतो. वेचणीपर्यंत थांबून राहत नाही. कॅन्सरच्या उपचारातही असे मध्येच पान उलटून पाहता येते का? येते. ते पाहण्याचे साधन म्हणजे स्कॅन.

पूर्वी डॉक्टर गाठ हाताने चाचपून आणि पट्टीने मोजून ठरवत. हाताचे माप किती भरवशाचे असते याचा एक गमतीदार प्रयोग १९७६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मोर्टेल आणि जेम्स हॅनली यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी बारा गोळे फोमच्या थराखाली ठेवले आणि सोळा अनुभवी कॅन्सरतज्ज्ञांना ते वरून चाचपून मोजायला सांगितले. एकाच गोळ्याची मापे वेगवेगळी आली. एवढेच काय, त्याच डॉक्टरांनी तोच गोळा पुन्हा मोजला तरी फरक पडला. म्हणजे गाठ थोडीशी लहान वाटली तर ती औषधाने लहान झाली की हाताच्या चुकीने, हे सांगता येत नव्हते. म्हणून ठरले की बराच मोठा फरक दिसला तरच औषधाचा गुण आला असे म्हणायचे.

पुढे सीटी स्कॅन आला, मापे नेमकी झाली. २००० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एक नियम ठरवला आणि २००९ मध्ये तो सुधारला. गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाली तर उपचाराला प्रतिसाद आहे. २० टक्के किंवा त्याहून जास्त वाढली तर आजार वाढतो आहे. आणि मधले सगळे ‘जैसे थे’. तीस टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण गाठ गोल असेल आणि तिचा व्यास तीस टक्क्यांनी घटला, तर तिचे आकारमान जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी झालेले असते. रिपोर्टवरचे आकडे पाहून घाबरण्याआधी किंवा हुरळून जाण्याआधी एवढा हिशेब लक्षात असू द्यावा.

पण मापाची एक मोठी अडचण आहे. आपल्याकडे अक्कलकुवा तालुक्यात काठीची होळी प्रसिद्ध आहे. होळी जळते, मग ज्वाळा शमतात. नंतर लांबून पाहणाऱ्याला राखेचा ढीग दिसतो. त्या ढिगात निखारा आहे की सगळे थंड झाले आहे, हे ढिगाच्या उंचीवरून कळेल का? नाही. त्यासाठी जवळ जाऊन हात धरावा लागतो, ऊब जाणवते का ते पाहावे लागते. कॅन्सरची गाठही तशीच असते. औषधाने आतल्या पेशी मेल्या तरी वण, सूज, तंतू मागे राहतात आणि सीटीवर गाठ तेवढीच दिसते. उलट कधी गाठ लहान झालेली असते, पण आत निखारा धगधगत असतो. सीटी स्कॅन ढीग मोजतो. निखारा शोधण्याचे काम पेट स्कॅन करतो.

पेट स्कॅनमागचे तत्त्व सोपे आहे. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी साखरेच्या अधाशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी हे १९२० च्या दशकात दाखवले होते. मग साखरेसारख्या एका पदार्थाला किरणोत्सर्गी फ्लोरिनची खूण लावून तो शिरेतून दिला, तर तो अधाशी पेशींत जाऊन साठतो आणि यंत्राला तेथून येणारे किरण टिपता येतात. १९७६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हा पदार्थ पहिल्यांदा माणसाला देण्यात आला. भारतात या विद्येचे माहेरघर मुंबईचे परळ. तेथे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून काम करते आहे. २००२ मध्ये तेथे वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे हे किरणोत्सर्गी फ्लोरिन तयार करणारे यंत्र, आणि पेट स्कॅन आले. २००४ मध्ये शेजारच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पेट आणि सीटी एकत्र असलेले यंत्र बसले. ढीग आणि निखारा आता एकाच चित्रात दिसू लागले.

हे यंत्र प्रत्येक तालुक्यात का नाही, असे कोणी विचारील. पैसा हे एक कारण झाले. दुसरे कारण निसर्गाचे आहे. या फ्लोरिनची ताकद दर ११० मिनिटांनी निम्मी होते. मुंबईत सकाळी तयार केलेले औषध गाडीत घालून आठ तासांनी नंदुरबारला पोचवले, तर त्याच्या ताकदीचा जेमतेम विसावा भाग उरेल. म्हणून यंत्र असे असावे लागते की सायक्लोट्रॉनपासून तेथे काही तासांत पोचता येईल. तोवर आपल्या रुग्णाला यंत्राकडे जावे लागणार. आणि जावे लागणारच असेल, तर ती फेरी वाया जाऊ नये, हे पाहणे आपल्या हातात आहे.

आता या चित्राचा उपयोग कसा होतो त्याची दोन उदाहरणे देतो.

पहिले हॉजकिन लिम्फोमाचे. हा लसिकाग्रंथींचा, म्हणजे मानेतल्या, काखेतल्या, छातीतल्या गाठींचा कॅन्सर. तरुण मुलामुलींना होतो आणि उपचाराने बरा होण्याची शक्यता चांगली असते. याच्या नेहमीच्या केमोत चार औषधे असतात. त्यांतल्या ब्लिओमायसिन या औषधाने काही रुग्णांच्या फुफ्फुसाला इजा होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बाराशेहून अधिक रुग्ण होते. दोन सायकली झाल्यावर प्रत्येकाचा पेट स्कॅन केला. ज्यांचा निखारा विझलेला दिसला, त्यांच्यापैकी निम्म्यांचे ब्लिओमायसिन बंद केले आणि निम्म्यांचे चालू ठेवले. तीन वर्षांनी पाहिले तर आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्या गटात ८५.७ टक्के आणि बंद केलेल्या गटात ८४.४ टक्के. फरक फारच थोडा, आणि फुफ्फुसे मात्र वाचली. ज्यांचा निखारा धगधगत होता, त्यांना जास्त तीव्र केमो देण्यात आली.

विझला की नाही हे ठरवायला एक पाच पायऱ्यांचे प्रमाण आहे. फ्रान्समधल्या दोव्हिल या गावी २००९ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली, त्यावरून त्याला नाव पडले. गाठीची चमक त्याच रुग्णाच्या छातीतल्या रक्ताच्या आणि यकृताच्या चमकेशी ताडून पाहायची. यकृतापेक्षा कमी किंवा तेवढीच असेल तर बहुधा ठीक. यकृतापेक्षा जास्त असेल तर विचार करायचा. आपल्या रिपोर्टवर एक ते पाच यांतला आकडा दिसला तर तो याचा असतो.

दुसरे उदाहरण घसा आणि मानेच्या कॅन्सरचे. केमो आणि शेक, म्हणजे किरणोपचार, दिल्यानंतर मानेतल्या गाठी काढण्यासाठी सरसकट मोठे ऑपरेशन करावे का, असा जुना वाद होता. इंग्लंडमध्ये ५६४ रुग्णांवर अभ्यास झाला, तोही २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांचे मानेचे ऑपरेशन आधीच ठरवले होते. उरलेल्या अर्ध्यांचा उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी पेट स्कॅन केला आणि संशय असेल तरच ऑपरेशन केले. पहिल्या गटात २२१ ऑपरेशने झाली, दुसऱ्यात फक्त ५४. जगण्याच्या प्रमाणात दुसरा गट मागे पडला नाही. एका चित्राने दीडशेहून अधिक माणसांच्या माना सुरीपासून वाचवल्या.

मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. त्या अभ्यासातल्या बहुतेकांचा आजार घशाचा आणि विषाणूमुळे झालेला होता. तो उपचाराला लवकर वळतो. आपल्याकडे गालाचा आणि जबड्याचा कॅन्सर जास्त, तोही तंबाखूने झालेला, आणि त्यात बहुधा ऑपरेशनच पहिले असते. तेव्हा ‘परदेशात ऑपरेशन लागत नाही, मग आमच्या दादाला का?’ असा निष्कर्ष कोणी काढू नये.

चित्र फसवूही शकते. आपल्या भागात तर त्याची तीन कारणे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवीत.

पहिले क्षयरोग. पेट स्कॅनमध्ये चमकते ते सगळे कॅन्सर नसते. जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही साखर लागते. त्यामुळे छातीतली टीबीची गाठ कॅन्सरच्या गाठीसारखीच चमकू शकते. स्वतःला किंवा घरात कोणाला टीबी झाला असेल, त्याची औषधे चालू असतील, तर ते लपवू नका. संशय असेल तेथे सुईने तुकडा काढून तपासणे हाच खरा निवाडा.

दुसरे सिकलसेल. सातपुड्यातल्या गावांना हा आजार सांगायला नको. सिकलसेलच्या रुग्णांच्या हाडांतली मज्जा जास्त काम करत असते आणि रक्तपुरवठा अडल्याने हाडांत जुन्या जखमा झालेल्या असतात. हाडांच्या स्कॅनमध्ये किंवा एमआरआयमध्ये या खुणा पाहून कॅन्सर हाडात पसरला की काय, अशी शंका येऊ शकते. मुंबईतल्या डॉक्टरांच्या मनात प्रत्येक वेळी सिकलसेल येईलच असे नाही. म्हणून तपासणीचे कार्ड असेल तर ते कॅन्सरच्या फाईलमध्येच लावून ठेवा.

तिसरे कारण वेळेचे, आणि हे सर्वात जास्त घडते. लांबून आलेला रुग्ण म्हणतो, ‘आलोच आहोत तर स्कॅन आजच करून टाका, पुन्हा फेरी नको.’ मागणी रास्त आहे, पण चित्र बिघडते. शेक दिल्यावर त्या जागी कित्येक आठवडे सूज असते आणि सूजही चमकते. म्हणून इंग्लंडच्या अभ्यासात बारा आठवडे थांबले. केमोच्या बाबतीतही दोन सायकलींच्या मध्ये, शक्यतो पुढची सायकल जवळ आल्यावर स्कॅन करतात. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये नसलेला आजार दिसतो आणि मग त्या दिसण्यापायी आणखी दोन फेऱ्या होतात.

स्कॅनच्या आधीचे पथ्यही याच जातीचे. चार ते सहा तास उपाशी राहायचे. पाणी चालते, साखरेचा चहा चालत नाही. मधुमेह असेल तर आधी सांगायचे. आदल्या दिवशी अंगमेहनत करायची नाही, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात. रात्रभर उभ्याने प्रवास करून, सकाळी स्टेशनवरून चालत येऊन थेट यंत्रात झोपले तर चित्र नीट येत नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी पोचावे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वे भाड्यात मोठी सवलत आहे, सोबतच्यालाही आहे. रुग्णालयाचे प्रमाणपत्र आधी घेतले की ती मिळते.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे पहिले चित्र. उपचाराने काय बदलले हे सांगायला आधी काय होते ते ठाऊक हवे. उपचार सुरू होण्यापूर्वीचा स्कॅन नसेल तर नंतरचा कितीही महागडा स्कॅन अर्धाच बोलतो. आणि तुलना करायची तर दोन्ही चित्रे शक्यतो एकाच यंत्रावर, एकाच पद्धतीने काढलेली हवीत. आपल्याकडे जुन्या फिल्मचे काय होते? ग्रहण पाहायला त्या बाहेर काढतात, नाहीतर पावसाळ्यात कौलाखाली खोचलेल्या पिशवीत त्या चिकटून जातात. माझी विनंती आहे की पहिल्या दिवसापासूनच्या फिल्म, रिपोर्ट आणि सीडी एका कोरड्या पिशवीत, तारखेच्या क्रमाने ठेवा आणि प्रत्येक फेरीला सोबत न्या. सातबारा जसा जपता तसा हा कागद जपा.

प्रत्येकाला पेट स्कॅन लागतो असेही नाही. स्तनाच्या गाठीवर ऑपरेशनआधी केमो देतात तेव्हा हाताने तपासणी आणि सोनोग्राफी यांनी बरेचसे कळते. काही वेळा केमोपूर्वी गाठीत धातूची बारीक खूण बसवतात. कारण औषध इतके लागू पडते की गाठ चित्रातूनही नाहीशी होते आणि कोठे काढायचे हे सर्जनला कळत नाही. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये एमआरआय जास्त उपयोगी. ब्राझीलच्या सर्जन आंजेलिता हाब्र-गामा यांनी केमो आणि शेकानंतर गाठ पूर्ण गेलेल्या निवडक रुग्णांचे ऑपरेशन न करता त्यांच्यावर बारकाईने लक्ष ठेवले आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्या रुग्णांना पोटावर कायमची पिशवी लावावी लागली नाही. पण त्यात ‘लक्ष ठेवणे’ हा शब्द महत्त्वाचा. दर काही महिन्यांनी तपासणीला येणे जमणार नसेल, तर तो मार्ग धोक्याचा.

आता पुढची पायरी. औषध देण्याआधीच, पहिल्या चित्रावरूनच ते लागू पडेल की नाही हे सांगता येईल का? संगणकाच्या मदतीने हा प्रयत्न चालू आहे. आपल्या डोळ्याला गाठ म्हणजे एक करडा डाग दिसतो. संगणक त्या डागातली खडबडी, कडा, छटा अशी शेकडो वैशिष्ट्ये मोजतो. २०१४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संशोधकांनी फुफ्फुस आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांच्या सीटीतून ४४० वैशिष्ट्ये मोजली आणि कोणाचा आजार बळावेल याचा अंदाज बांधता येतो असे दाखवले. खूप गाजावाजा झाला. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की त्या अंदाजाचा मोठा भाग गाठीच्या आकारमानावरूनच येत होता. मोठी गाठ, वाईट भविष्य. हे तर साधी मोजपट्टीही सांगते! म्हणून संगणक म्हणतो म्हणून उपचार नाकारावा किंवा बदलावा, अशी वेळ अजून आलेली नाही.

तरीही हे काम व्हायला हवे, आणि आपल्या चित्रांवर व्हायला हवे. परदेशातल्या रुग्णांवर शिकलेला संगणक तंबाखूने पोखरलेला गाल, शेजारी जुना टीबी आणि सिकलसेलची मज्जा हे एकत्र पाहील तेव्हा गोंधळेल. टाटा मेमोरियलने आयआयटी मुंबई आणि देशातल्या इतर मोठ्या संस्थांबरोबर, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने, रुग्णांची नावे काढून टाकलेल्या चित्रांची पेढी उभारली आहे. मुख-मानेचा आणि फुफ्फुसाचा कॅन्सर हे तिचे पहिले विषय आहेत. अशा पेढीत सातपुड्यातल्या रुग्णांची चित्रेही असली पाहिजेत. मात्र त्यांना त्यांच्या भाषेत, भिलीत, पावरीत, अहिराणीत, नीट समजावून आणि त्यांची संमती घेऊन.

शेवटी व्यवहाराचे सांगतो. डॉक्टरांनी मध्येच स्कॅन सांगितला तर नम्रपणे तीन गोष्टी विचारा. एक, या स्कॅनमध्ये चांगले दिसले तर पुढे काय कराल आणि वाईट दिसले तर काय? दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो स्कॅन आत्ता खरोखर लागतो का, हे पुन्हा विचारायला हरकत नाही. दोन, हा स्कॅन कोणत्या तारखेला केलेला बरा? तीन, योजनेतून काही खर्च भागतो का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तो बसलेला असतो तो याचसाठी.

आणि चित्र वाईट आले तर? तर त्याचा अर्थ ‘हे औषध लागू पडले नाही’ एवढाच असतो. कधी दुसरे औषध असते. कधी नसते, आणि तेव्हा अंग जाळणारी केमो थांबवून दुखणे कमी करणारे उपचार घेत, आपल्या गावी, आपल्या माणसांत राहणे हाही वैद्यकशास्त्राचाच सल्ला असतो. तो वेळेवर मिळाला तर चार महिने रेल्वेत जाण्याऐवजी घरी जातात. ज्या घरात असा निर्णय घ्यायची वेळ येईल, तेथे रुग्णालाही बोलण्यात घ्या. आजार त्याचा आहे. चित्रात काय दिसले, हे कळण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.